चुकीचे असर्शन आणि गहाळ काटापट्ट्या : पोस्टग्रेसच्या लॉजिकल डिकोडिंगमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीतले आहे. कंपनी, तिचे ग्राहक आणि बाजार समिती यांची ओळख पटेल असे काही इथे दिलेले नाही.

कंपनीचे सॉफ्टवेअर जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांच्या कार्यालयांत चालते. लिलावात भाव ठरला की सौद्याची नोंद होते. मग ट्रॅक्टर किंवा पिकअप भुईकाट्यावर जाते, भरल्या वाहनाचे वजन होते, माल खळ्यावर उतरतो, रिकाम्या वाहनाचे वजन होते आणि निव्वळ वजनावरून शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघते. सौद्यांच्या नोंदी एकेक करून छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटांत, पडतात. काट्यावरची फाइल मात्र अधूनमधून कॉपी आदेशाने एकगठ्ठा भरली जाते: आधी थोडा भाग, मग सौद्यांशी ताळा, मग उरलेला भाग आणि शेवटी कमिट, म्हणजे सगळे बदल पक्के करणे. तालुक्याच्या गावाहून येणारे नेट संथ असले की हे ट्रान्झॅक्शन काही मिनिटे उघडेच राहते.

खतावणी दुसऱ्या सर्व्हरवर आहे. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरचा. त्यातले बदल खतावणीकडे नेण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ९.४ आवृत्तीपासून असलेले लॉजिकल डिकोडिंग, म्हणजे बदलांची नोंदवही वाचून ते बदल बाहेर देण्याची सोय, वापरले आहे. कंपनीने सी भाषेत स्वतःचे आउटपुट प्लगइन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम, लिहिले. ते प्रत्येक बदलासाठी चेंज-कॉलबॅकमध्ये (पोस्टग्रेस दर बदलाला बोलावते त्या फंक्शनमध्ये) एक संदेश तयार करते आणि खतावणीकडचा ग्राहक-प्रोग्राम तो वाचून नोंद करतो. प्रत्येक बदलाला एलएसएन असतो, म्हणजे डब्ल्यूएएलमध्ये (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या नोंदवहीत) ती नोंद कुठल्या बाइटला सुरू होते तो ६४ बिटांचा क्रमांक.

प्लगइनच्या चेंज-कॉलबॅकमध्ये एक असर्शन, म्हणजे खोटी ठरली की प्रोग्राम तिथेच पाडणारी अट, होते: आत्ता आलेल्या बदलाचा एलएसएन आधीच्या बदलाच्या एलएसएनपेक्षा मोठा असलाच पाहिजे. वाचताना ते इतके साहजिक वाटते की तपासणाऱ्याची नजरही त्यावरून पुढे सरकते.

अडचण

आवृत्ती बदलण्यापूर्वीच्या चाचणीसाठी कंपनीने पोस्टग्रेस मूळ कोडवरून प्रथमच स्वतः बांधले आणि कॉन्फिगर करताना असर्शन चालू करणारा इनेबल-सीअसर्ट हा पर्याय चालू ठेवला. त्याआधीचे सर्व सर्व्हर, चाचणीचेसुद्धा, तयार पॅकेजमधून बसवलेले होते आणि तशा पॅकेजमध्ये असर्शन बंद असतात. पोस्टग्रेसचे असर्ट मॅक्रो चालू की बंद हे सर्व्हरच्या पीजी_कॉन्फिग या हेडर फाइलमधून ठरते आणि त्या सर्व्हरसाठी बांधलेले एक्स्टेन्शनही (इथे आपले प्लगइन) तेच हेडर वापरते. त्यामुळे प्लगइनमधले हे असर्शन लिहिल्यापासून एकदाही चाललेले नव्हते. एखादा सर्व्हर असर्शनसह बांधलेला आहे की नाही हे पाहायचे असेल तर शो डीबग_असर्शन्स एवढा आदेश पुरतो.

नव्या चाचणी सर्व्हरवर सौद्यांच्या आणि काट्याच्या नोंदी एकाच वेळी सुरू करताच लॉगमध्ये ट्रॅपची ओळ आली: फसलेली अट, फाइल, ओळ क्रमांक, प्रोसेस क्रमांक. त्याखाली वॉलसेंडर, म्हणजे बदल बाहेर पाठवणारी सर्व्हरची प्रोसेस, सिग्नल ६ ने संपल्याची नोंद. एक बॅकएंड (सर्व्हरची एक प्रोसेस) असा अवचित मेला की सर्वांनी मिळून वापरलेल्या शेअर्ड मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मुख्य प्रोसेस असलेला पोस्टमास्टर सगळी सेशन तोडतो आणि क्रॅश रिकव्हरी करून सर्व्हर पुन्हा उभा करतो. सर्व्हर उभा राहताच ग्राहक-प्रोग्राम पुन्हा जोडला जाई, स्लॉट (ग्राहक कुठवर पोचला ते सर्व्हरवर लक्षात ठेवणारी नोंद) तेच बदल पुन्हा डिकोड करी आणि सर्व्हर पुन्हा पडे.

याच्या जोडीला दुसरे लक्षण दिसले. काही फेऱ्यांनंतर ग्राहक-प्रोग्राम 'नोंद आधीच आहे' म्हणून थांबू लागला. चमूने सुरुवातीला ही स्वतंत्र बिघाडाची खूण मानली आणि डब्ल्यूएएल खराब झाले असावे अशी शंका घेतली. ती शंका चुकीची होती. लॉजिकल स्लॉटची पुष्टी झालेली जागा डिस्कवर मुख्यतः चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे मेमरीतले बदल अधूनमधून डिस्कवर उतरवले जातात तेव्हा, लिहिली जाते. त्यामुळे सर्व्हर कोसळला तर स्लॉट थोडा मागे जातो आणि आधी पाठवलेले बदल पुन्हा पाठवतो. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि दुबार संदेश सांभाळणे ही घेणाऱ्याची जबाबदारी मानलेली आहे.

पहिला निर्णय : आधी चक्र थांबवणे

इथे योग्य काम सर्वात आधी झाले. ग्राहक-प्रोग्राम बंद केला गेला. चक्र चालू असताना स्लॉट पुढे सरकत नाही, आणि स्लॉट अडला की त्याच्या रीस्टार्ट-एलएसएनपासून (डिकोडिंगला जिथून पुन्हा सुरुवात करावी लागेल त्या जागेपासून) पुढचे सगळे डब्ल्यूएएल सर्व्हरला राखून ठेवावे लागते. स्लॉटसाठी किती डब्ल्यूएएल राखायचे याची मर्यादा १३ व्या आवृत्तीपासून घालता येते, पण मूळ किंमत उणे १, म्हणजे अमर्याद. चाचणी मशीनची डिस्क लहान होती. ती भरली असती तर पुरावाच हाती उरला नसता. म्हणून पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समधला रीस्टार्ट-एलएसएन आणि आत्ताचा डब्ल्यूएएल एलएसएन यांतला फरक पाहून किती जागा अडली आहे ते तपासले गेले.

शोध

कोअर डंप, म्हणजे कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, सुरुवातीला मिळालाच नाही, कारण सर्व्हिसची कोअर मर्यादा शून्य होती. ती वाढवून, डीबग माहितीसह आणि ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवून सर्व्हर व प्लगइन पुन्हा बांधले. ओ२ या ऑप्टिमायझेशन पातळीवर बांधलेल्या प्रोग्रामच्या कोअरमध्ये नेमकी हवी ती चलेच 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतात आणि वेळ वाया जातो.

जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावले त्या यादीत) वरून खाली असा माग दिसला: असर्शन फसल्यावर चालणारे फंक्शन, प्लगइनचा चेंज-कॉलबॅक, त्याखाली रिऑर्डर बफरची ट्रान्झॅक्शन चालवणारी फंक्शन्स आणि त्याखाली कमिट नोंदीचे डिकोडिंग. शोध इथेच अर्धा झाला होता. बदल त्याच्या स्वतःच्या डब्ल्यूएएल नोंदीपाशी नव्हे, तर कमिटची नोंद वाचली गेल्यावर प्लगइनकडे येत होता.

चलांच्या किमती पाहिल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. समजायला सोपे जावे म्हणून इथे आकडे सुटसुटीत केले आहेत. क हे काट्याची फाइल भरणारे ट्रान्झॅक्शन, ख हे एका सौद्याचे:

क चा पहिला बदल : ०/३०००१००
क चा दुसरा बदल : ०/३०००२००
ख चा बदल : ०/३०००४००
ख चे कमिट : ०/३०००५००
क चा तिसरा बदल : ०/३०००६००
क चे कमिट : ०/३०००९००

रिऑर्डर बफर प्रत्येक ट्रान्झॅक्शनचे बदल वेगवेगळे जमवतो आणि कमिटच्या क्रमाने पूर्ण ट्रान्झॅक्शन प्लगइनकडे देतो. ख आधी कमिट झाले, म्हणून आधी ४०० आला. मग क सुरू झाले आणि १०० आला. १०० हा ४०० पेक्षा लहान. असर्शन फसले. डेटा मात्र अगदी बरोबर होता.

असर्शन चुकीचे आहे असे म्हणायला एवढे पुरेसे नव्हते. क्रम खरोखर बिघडला असता तरी हेच आकडे दिसू शकले असते, आणि चमूत एक ठाम मत होते की मोठे ट्रान्झॅक्शन डिस्कवर सांडताना क्रम चुकतो. या मताला आधार होता: लॉजिकल_डिकोडिंग_वर्क_मेमची मूळ मर्यादा ६४ एमबी आहे आणि ती ओलांडली की बदल स्लॉटच्या फोल्डरमधल्या स्पिल फाइलमध्ये जातात. पण मर्यादा भरपूर वाढवून स्पिल पूर्ण टाळले तरी असर्शन फसतच राहिले. ती वाट तिथेच संपली.

मग दोन स्वतंत्र पुरावे घेतले. पीजी_वॉलडंपने मूळ डब्ल्यूएएल वाचले. त्यात क आणि ख च्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या, पण स्वतःच्या जागी व्यवस्थित होत्या. दुसरा पुरावा जास्त वजनदार होता. आपले प्लगइन बाजूला ठेवून पोस्टग्रेससोबत येणाऱ्या टेस्ट_डिकोडिंग प्लगइनने तोच प्रसंग पाहिला. कृती अशी:

१. डब्ल्यूएएल पातळी लॉजिकल असल्याची खात्री करा. बदलावी लागली तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.
२. टेस्ट_डिकोडिंगवर नवा स्लॉट तयार करा, आणि तो कुठलेही ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी करा. आधीपासून लिहिणारे ट्रान्झॅक्शन चालू असेल तर स्लॉट तयार करण्याचा आदेश ते संपेपर्यंत थांबून राहतो आणि सर्व्हर अडकल्यासारखा वाटतो.
३. पहिल्या खिडकीत बिगिन (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) आणि एक इन्सर्ट (नवी ओळ घालणे). कमिट नाही.
४. दुसऱ्या खिडकीत एक इन्सर्ट, लगेच कमिट.
५. पहिल्या खिडकीत कमिट.
६. पीजी_लॉजिकल_स्लॉट_पीक_चेंजेस चालवा. 'गेट' ऐवजी 'पीक' वापरल्याने बदल संपत नाहीत आणि हवे तितक्या वेळा पाहता येतात.

निकालाच्या एलएसएन स्तंभात क्रमांक मागे गेलेला दिसतो आणि दुसऱ्या खिडकीचे ट्रान्झॅक्शन आधी येते. पोस्टग्रेसचे स्वतःचे प्लगइनही तेच दाखवते म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

पर्यायांचा विचार

सर्वात सोपा पर्याय म्हणजे चाचणी सर्व्हर पुन्हा असर्शनशिवाय बांधणे. तसे केले असते तर पोस्टग्रेसच्या गाभ्यातली सगळी असर्शनही बंद झाली असती, आणि सी मध्ये प्लगइन लिहिणाऱ्याला खरी मदत त्यांचीच होते. हा पर्याय लगेच बाद झाला.

असर्टच्या जागी एलॉग एरर टाकावा असेही सुचवले गेले. त्याने सगळा सर्व्हर पडण्याऐवजी फक्त वॉलसेंडरचे काम थांबले असते. पण अटच चुकीची असताना तिची शिक्षा सौम्य करून काय साधणार? शिवाय प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर, एररची अट चालू राहते. स्लॉट कायमचा अडून तिथली डिस्क भरली असती.

खरी चर्चा दोन पर्यायांवर झाली: असर्शन काढून टाकणे किंवा दुरुस्त करणे. काढून टाकण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वाजवी होते. डेटा बरोबर आहे, ओळ चुकीची आहे, ओळ काढा. त्यावर एक प्रश्न विचारला गेला आणि माझ्या मते प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय तोच: ही ओळ लिहिणाऱ्याला कशाची खात्री हवी होती, आणि त्या खात्रीवर विसंबून आणखी कुठला कोड लिहिला गेला आहे?

उत्तर ग्राहक-प्रोग्राममध्ये सापडले. तो शेवटच्या बदलाचा एलएसएन खूण म्हणून साठवत होता. पुन्हा जोडणी झाली की त्या खुणेइतके किंवा तिच्यापेक्षा लहान एलएसएनचे बदल तो दुबार समजून वगळत होता, आणि खुणेपलीकडचा पहिला बदल येताच ही गाळणी बंद करत होता. वरच्या उदाहरणात ख झाल्यानंतर आणि क येण्याआधी जोडणी तुटली तर खूण ४०० वर असते. पुन्हा जोडल्यावर ख चा ४०० वगळला जातो, ते बरोबर. मग क चे १०० आणि २०० वगळले जातात, ते पूर्ण चूक, कारण ते खतावणीत कधी पोचलेलेच नाहीत. ६०० आला की गाळणी बंद होते आणि क चा उरलेला भाग नोंदवला जातो. फाइलचा सुरुवातीचा तुकडा गायब, शेवटचा हजर, आणि कुठेही चूक दाखवणारा संदेश नाही. हा कोड प्रॉडक्शनमध्ये चालू होता.

केलेली कामे

सर्वात आधी प्रॉडक्शनमधली गळती थांबवली. दुरुस्ती तयार होईपर्यंत काट्याची फाइल एका सलग ट्रान्झॅक्शनऐवजी लहान तुकड्यांत भरायला सुरुवात केली. त्याने शक्यता संपली नाही, पण उघड्या ट्रान्झॅक्शनचा काळ खूप कमी झाला.

मग असर्शन. पहिला प्रयत्न असा: बिगिन-कॉलबॅकमध्ये मागचा एलएसएन शून्य करायचा आणि एका ट्रान्झॅक्शनच्या आत तरी क्रम वाढताच असावा अशी अट ठेवायची. सौद्यांवर ती टिकली, काट्याच्या फाइलवर पुन्हा फसली. कॉपी आदेश टेबलाच्या एका पानावर (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या ठोकळ्यावर) बसणाऱ्या अनेक ओळी एकाच मल्टी-इन्सर्ट नोंदीत लिहितो, आणि डिकोड करताना त्या सगळ्या ओळींना एकच एलएसएन मिळतो. म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आतसुद्धा 'मोठा' ही अट चुकीची. 'मोठा किंवा समान' हवे. टेबलावर ओळनिहाय बिफोर-इन्सर्ट ट्रिगर (प्रत्येक ओळ घालण्याआधी आपोआप चालणारा कोड) असला तर कॉपी एकेक ओळ घालते, त्यामुळे तसल्या टेबलावर चाचणी झाली असती तर ही चूक दिसलीच नसती. रिऑर्डर बफरच्या कोडमध्ये नेमके हेच असर्शन 'मागचा आत्ताच्यापेक्षा लहान किंवा समान' अशा रूपात आधीपासून आहे आणि वरच्या टिपेत मल्टी-इन्सर्टचे कारणही लिहिलेले आहे. ते आधी वाचले असते तर हा फेरा वाचला असता.

गाभ्यातच तपासणी आहे म्हटल्यावर प्लगइनमधली काढून टाकली. तिच्या जागी कमिट-कॉलबॅकमध्ये अट आली: या कमिटचा एलएसएन याच डिकोडिंग सेशनमधल्या आधीच्या कमिटपेक्षा मोठा असला पाहिजे. 'याच सेशनमधल्या' हे शब्द कळीचे आहेत. मागची किंमत प्लगइनच्या स्टार्टअप-कॉलबॅकमध्ये शून्यापासून सुरू होते. ती डिस्कवर साठवली असती तर स्लॉट मागे गेल्यावर हे असर्शनही खोटे ठरले असते. किंमत असर्टच्या कंसाबाहेर बदलली जाते, कारण कंसातले सगळे प्रॉडक्शन बिल्डमध्ये नाहीसे होते.

ग्राहक-प्रोग्रामची दुरुस्ती जास्त नाजूक होती. बिगिनच्या संदेशात ट्रान्झॅक्शनच्या कमिटचा एलएसएन घातला. पोस्टग्रेसचे पीजीआउटपुट प्लगइनही तसेच करते. आता वगळायचे की नाही हे पूर्ण ट्रान्झॅक्शनसाठी एकदाच ठरते. खूण म्हणून कमिट नोंदीच्या शेवटाचा एलएसएन साठवला जातो, खतावणीतल्या नोंदींसोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि सर्व्हरला पुष्टीही त्याचीच दिली जाते.

इथे तुलनेच्या चिन्हात पुन्हा धोका होता. पहिल्या मसुद्यात 'कमिटचा एलएसएन खुणेपेक्षा लहान किंवा समान असेल तर वगळा' असे होते. खूण ही नोंदीचा शेवट दाखवते आणि पुढची नोंद नेमकी तिथूनच सुरू होऊ शकते. ख च्या कमिटला लागूनच क चे कमिट लिहिले गेले, तर क च्या कमिटचा एलएसएन आणि खूण समान येतात आणि अख्खी फाइल वगळली जाते. म्हणून 'लहान' एवढेच ठेवले. पोस्टग्रेस स्वतः सुरुवातीच्या जागेआधीची ट्रान्झॅक्शन गाळताना हीच काटेकोर तुलना करते.

जुन्या खुणेचा अर्थ वेगळा असल्याने दोन्ही बाजू एकाच वेळी बदलाव्या लागल्या. बाजार बंद झाल्यावर नोंदी भरणे थांबवले, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू सेशनच्या यादीत एकही लिहिणारे ट्रान्झॅक्शन उघडे नाही हे पाहिले, ग्राहक-प्रोग्रामला सगळे संपवू दिले, मग स्लॉटची पुष्टी झालेली जागा हीच नवी खूण म्हणून लिहिली आणि नवे प्लगइन व नवा प्रोग्राम सोबत चालू केला.

परिणाम

चाचणी सर्व्हरवर असर्शन चालू ठेवून तीच मिश्र चाचणी पार पडली. डिकोडिंग चालू असताना वॉलसेंडर मुद्दाम मारून आणि मध्येच जोडणी तोडूनही खतावणी जुळली.

प्रॉडक्शनमध्ये काटा टेबल आणि खतावणी प्राथमिक किल्लीवर ताडून पाहिली, तेव्हा काही वाहनांच्या वजनाच्या ओळी खतावणीत नसल्याचे दिसले. प्रत्येक ठिकाणी एकाच फाइलमधल्या सुरुवातीच्या सलग ओळी गायब होत्या. वरच्या कारणाची ती नेमकी खूण. व्यापाऱ्यांकडचे दिवाणजी 'काटापट्टी उशिरा आली' अशी टीप घालून त्या हाताने भरत होते, म्हणून तक्रार कधी कंपनीपर्यंत आली नव्हती. शेतकऱ्याची हिशेबपट्टी मूळ डेटाबेसवरून निघत असल्याने त्यांच्या पैशांत फरक पडला नव्हता. गहाळ ओळी डब्ल्यूएएलमधून नव्हे, मूळ टेबलातून घेऊन भरल्या, कारण तोवर ते डब्ल्यूएएल कधीच पुसले गेले होते. हाताने भरलेल्या ओळी दुबार होऊ नयेत म्हणून प्रत्येक ओळ दिवाणजींना दाखवून मगच पक्की केली.

वेगळे काय करता आले असते

प्लगइन असर्शनसह बांधलेल्या पोस्टग्रेसवर पहिल्या दिवसापासून चालवायला हवे होते. आता प्रत्येक बदल दोन्ही प्रकारच्या बिल्डवर तपासला जातो.

चाचण्या एकाच सेशनच्या होत्या. एका सेशनमध्ये बदलांचा क्रम आणि कमिटचा क्रम कधी वेगळा होतच नाही, त्यामुळे असर्शन चालू असते तरी कमिटच्या क्रमाची ही चूक त्या चाचण्यांत दिसली नसती. पोस्टग्रेससोबत आयसोलेशन टेस्टर येतो. त्यात सेशन, पायऱ्या आणि त्यांचे क्रम लिहून देता येतात आणि दर वेळी तोच गुंता तसाच उभा करता येतो. आता त्यात ३ प्रसंग कायमचे आहेत: लांब आणि आखूड ट्रान्झॅक्शनची सरमिसळ, कॉपीने भरलेल्या समान एलएसएनच्या ओळी आणि एकमेकांना लागून असलेली दोन कमिट.

प्रत्येक असर्शनच्या वर ही गोष्ट कोण हमखास पाळतो हे एका ओळीत लिहिण्याचा नियमही झाला. जुन्या असर्शनवर अशी ओळ लिहायला कोणी बसले असते, तर 'डिकोडिंग कमिटच्या क्रमाने होते' हे दस्तऐवजातले वाक्य तेव्हाच समोर आले असते.

एक काम बाकी आहे. १४ व्या आवृत्तीपासून मोठे ट्रान्झॅक्शन कमिट होण्याआधीच तुकड्यातुकड्याने पाठवता येते. प्लगइनने स्ट्रीमचे कॉलबॅक दिलेले नसतील तर ही सोय चालू होत नाही, आणि सध्या ते दिलेले नाहीत. ते कधी दिले तर तुकडा सुरू होताना कमिटचा एलएसएन माहीत नसेल, आणि वगळण्याचा निर्णय बिगिनच्या संदेशावर घेता येणार नाही. तेव्हा ग्राहक-प्रोग्रामला तुकडे बाजूला साठवून स्ट्रीमच्या कमिटपर्यंत थांबावे लागेल. तशी टीप आज प्लगइनच्या कोडमध्ये, कॉलबॅक नोंदवण्याच्या ओळींपाशीच लिहून ठेवली आहे.